बर्नीच्या हातचं पाणी

मंगळवार, २ सप्टेंबर

चहा गाळत होते, रेडिओवर बर्नीचं नाव. गाळणं हातात तसंच राहिलं. आमची बर्नी! मिडलंड्सच्या हॉस्पिटलातली वॉर्ड सिस्टर, मोठमोठ्या सर्जनना दारात अडवून "हात धुतलेत का?" विचारणारी. ती आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहणार. पक्ष नाही, पैसा नाही, नुसती बर्नी. आनंदाने एकटीच ओरडले.

मग निवेदक म्हणाला, "म्हणजे बेडपॅन उचलता उचलता थेट राजवाड्यात?" आणि स्टुडिओतले तिघेही खिदळले.

असं हसणाऱ्याला आमच्या पुण्याच्या कॉन्व्हेंटात मदर बेनेडिक्टा वर्गाबाहेर उभं करायच्या. त्याही इथल्याच, कॉर्कच्या. यांना कोणी शिकवलं नाही वाटतं.

शनिवार, ६ सप्टें.

उभं राहायला वीस खासदारांच्या सह्या हव्यात, नाहीतर चार काउंटी कौन्सिलांचे ठराव. खासदार सगळे पक्षांचे. म्हणजे बर्नीला कौन्सिलांचं दार ठोठावणं आलं. दोन मिळाल्या. मोठ्या पक्षांनी आपापल्या माणसांना निरोप धाडलाय म्हणे, बाहेरच्यांसाठी हात वर करू नका. कोणी कबूल करत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

पेपरात तिघांचे फोटो. दोघे सुटाबुटात, मागे पुस्तकांची कपाटं. बर्नी कुठल्याशा जत्रेत, बन खाताना, तोंड उघडं. हजार फोटोंतून हाच मिळाला?

शेजारचा डरमट कुंपणावरून: "मला आवडते हो ती. पण कुठल्या परदेशी राजाशेजारी जेवायला बसलीय असं डोळ्यांपुढे आणा, डॉक्टर. आणि ते बूट?"

"तुझ्या कंबरेच्या ऑपरेशननंतर तुला संडासला नेत होती ती नर्स कुठले बूट घालून होती, आठवतं का?"

"यू'र अ हार्ड वुमन," म्हणाला. सफरचंदं देऊन गेला.

हा तर भला माणूस. भलेच असं बोलायला लागले तर…

बुधवार, १० सप्टें.

तिसरी कौन्सिल मिळाली!! चौथीची बैठक २२ला. बुधवारी २४ला मुदत संपते. म्हणजे सगळा जीव त्या एका बैठकीत.

दुपारी एका वर्तमानपत्राच्या ईफा नावाच्या बाईंचा फोन. बर्नीबरोबर काम केलेल्यांना भेटतेय, शुक्रवारी येऊ का? म्हटलं, या. बन खाणाऱ्या बर्नीपलीकडची बर्नी कोणीतरी सांगायलाच हवी. शुक्रवारी माझ्या नवऱ्याची, माधवची तिथी आहे हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. असू दे.

शुक्रवार, १२ सप्टें.

तिथी. खीर, वडे, पालकाची पातळ भाजी (अळू कुठलं इथे), आमसुलाची चटणी. लेकीला, के.ला, लिक्सलिपहून येता आलं नाही, तिच्या कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत ऑडिट. कावळ्यासाठी घास मागच्या भिंतीवर ठेवला, सीगलने नेला. माधव हसला असता.

पान वाढलं तेवढ्यात बेल. ईफा. तिथीला दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं. बसवलं, वाढलं. पोरगी मनापासून जेवली, खीर दोनदा घेतली. "आज काही विशेष?" मी सांगत गेले. कोणीतरी माधवच्या नावाने जेवत होतं, आणि ऐकत होतं.

तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. अकरा वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

स्ट्रोकनंतर माधवची गिळण्याची शक्ती गेली. खाटेवर पाटी: तोंडाने काही द्यायचं नाही. शेवटच्या सकाळी मी देव्हाऱ्यातला गंगेचा गडू घेऊन गेले. चमचा भरला आणि हात तिथेच थांबला. जन्मभर भूल देत आले, "पाण्याचा थेंबही नको" असं रोज बजावणारी मी. पाटी वाचत उभी राहिले, बायको म्हणून नाही, डॉक्टर म्हणून. बर्नी आली. गडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला एवढंच म्हटलं, "द्यायचं असतं, पण मला जमत नाहीये." तिने तोंड ओलं करायची स्पंजची काडी घेतली, गंगेत बुडवली, त्याच्या ओठांना लावली. म्हणाली, "निघालाय तो, डॉक्टर. वाटेला लागलेल्या माणसाला पाणी द्यावं."

ईफाच्या डोळ्यांत पाणी आलं. वही मिटून म्हणाली, "हेच लोकांना कळायला हवं."

बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

रविवार, १४ सप्टें.

अक्षर वेडंवाकडं येतंय.

पहिलं पान. "राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने मरणासन्न रुग्णाला पाजलं नदीचं पाणी." खाली: तोंडाने काही न देण्याची सूचना डावलून. त्याखाली गंगेचा कुठला तरी फोटो, म्हशी डुंबताहेत. "कुटुंबाची संमती होती का, हे स्पष्ट नाही."

स्पष्ट नाही! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या नवऱ्याच्या तिथीची खीर खाऊन, स्पष्ट नाही!!

त्याचं नाव नाही, माझंही नाही. "एका भारतीय डॉक्टरांचे पती." या बेटावर असे किती असतील? अकरापर्यंत तीन फोन.

मरणाऱ्याचे ओठ ओले करतातच. पहिल्या वर्षाची नर्सही करते. विष दिल्यासारखं छापलंय.

दुपारी के. आली. कोट न काढता दारातच:

"तू म्हणाली होतीस तू दिलंस."

 माधव गेला त्या दिवशी ती अमेरिकेहून येत होती, शॅनन विमानतळावर उतरली तेव्हा दोन तास उशीर झाला होता. गाडीत मी सांगितलं होतं, मी पाणी दिलं, शांतपणे गेला. तेवढाच तिला आधार होता. आज तिने खरं पेपरात वाचलं.

"इलेव्हन इयर्स, आई."

चहा न घेता गेली.

सोमवार, १५ सप्टें.

ईफाला फोन. म्हणाली, संमतीचा भाग तिने लिहिला होता, वरच्यांनी जागेअभावी कापला. मथळा तिचा नाही. "मला वाईट वाटतं, डॉक्टर." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला वाईट वाटायला जागा आहे, माझ्या दोन शब्दांना नाही." फोन ठेवला.  मीच बोलले ना. कोणी नाक दाबून वदवलं नव्हतं.

रेडिओवर एक डॉक्टर नद्यांमधल्या जंतूंवर. बर्नीही होती. निवेदकाने चारदा विचारलं: पाणी दिलंत की नाही? हो की नाही? चारही वेळा एकच उत्तर: "मी माझ्या पेशंटबद्दल बोलत नाही."

एक वाक्य बोलली असती, "त्याच्या बायकोने सांगितलं", तर सुटली असती. नाही बोलली. मागून निवेदक: "या गप्प बसण्याचा अर्थ श्रोत्यांनीच लावावा." लाज नाही.

मंगळवार, १६ सप्टें.

केस कापायला गेले. शेजारच्या खुर्चीतल्या बाई आरशातून: "ती असले जादूटोणे करायची म्हणे. आणि आम्ही तिला मत देणार होतो!" आमच्या रस्त्यावरची बाई, दर नाताळला केक देणारी. अर्धे केस कापलेले, उठून जाताही येईना.

संध्याकाळी बर्नीचा फोन. आवाज थकलेला.

"जीव जाळू नका, डॉक्टर."

"मी सांगते सगळ्यांना. मीच मागितलं होतं."

"तसलं काही करायचं नाही. तो माझा पेशंट होता. मी पन्नास वर्षांत कोणाचं मरण बाहेर सांगितलं नाही, या खुर्चीसाठी तर मुळीच नाही."

"चौथी कौन्सिल?"

"दोघांनी शब्द मागे घेतला. काठावर आहे." मग म्हणाली, "केतकी बरी आहे ना?"

यावर रडू आवरलं नाही. बर्नीला के. आठवते.

गुरुवार, १८ सप्टें.

लिक्सलिपला गेले, न कळवता. के.च्या कँटीनमध्ये समोरासमोर.

म्हटलं, उद्या रेडिओवर बोलणार आहे. नावासकट.

"नो. ॲब्सोल्युटली नॉट. बाबा आता परक्यांच्या तोंडात पडलेत, तू अजून नाव देणार? ते गेले ते तरी आपल्यातच राहू दे ना."

"नाव नाही दिलं तर ती खोटी ठरते."

"तिला चालतंय. तूच म्हणालीस."

"मला चालत नाही, केतकी. माझा हात थांबला म्हणून तिने उचलला. आणि आता सोसायचंही तिनेच?"

तिने कप बाजूला सारला. मग इंग्रजीत, हळू: तुझा हात का थांबला?

म्हटलं, माहीत नाही. पाटी होती.

"तू पाटी कधी मानलीस गं? पार्किंगची तरी?"

दोघीही हसलो. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

शुक्रवार, १९ सप्टें.

बोलले. सकाळच्या फोन-इनमध्ये, संपूर्ण नाव, माधवचंही. अर्धा तास वाट पाहिली, मधे गाद्यांच्या जाहिराती.

निवेदक: "मूळच्या कुठल्या, डॉक्टर?"

"पुण्याच्या. इथे तीस वर्षं. मतदार आहे, त्यासाठी विचारत असाल तर."

घडलं ते क्रमाने सांगितलं. मागितलं मी, हात थांबला माझा, दिलं तिने. मग तो गोड आवाजात: "पण तुम्ही विज्ञान शिकलेल्या. नदीचं पाणी, डॉक्टर?"

तोंडाला आलं ते बोलले. "त्या वॉर्डात दर दुसऱ्या लॉकरवर लूर्दच्या तीर्थाच्या पाण्याची बाटली असायची. प्लॅस्टिकची, मेरीमाउलीच्या आकाराची, निळ्या मुकुटाचं बूच. मागेल त्याच्या ओठांना बर्नी ते पाणी लावायची. त्यावर कोणाचा मथळा नाही निघाला. तुमच्या आजीच्या उशाशी होती का हो बाटली?"

  लगेच गाद्यांची जाहिरात.

शनिवार, २० सप्टें.

आजचा पेपर: "लूर्दचंही पाणी! बर्नीबद्दल नवा खुलासा." मला आता धक्का बसायलाही जागा उरली नाही. बचाव करायला गेले तर बचावाचाच आरोप केला.

पण फोन-इनवर काल दिवसभर लोक आपापल्या आयांच्या बाटल्या सांगत होते म्हणे. डरमट येऊन बसला. लहानपणी गालगुंड झालं तेव्हा लूर्दचं पाणी पाजलं होतं, चव प्लॅस्टिकची. "ते राजाशेजारचं बोललो होतो ना, डॉक्टर, ते मागे घेतो. बुटांचं नाही. बूट भयंकर आहेत."

आणि एक ईमेल, नावाशिवाय. परत जा, तुमची नदीही घेऊन जा. तीस वर्षांत यांच्या किती जणांना झोपवून पुन्हा जागं केलं.

पुण्याहून वन्संचा फोन. तिथपर्यंत गेलं. "म्हणजे दादाला शेवटचं पाणी त्या नर्सच्या हातचं?"

"हो वन्सं. ज्या हातांनी अकरा दिवस त्याचं अंग पुसलं, त्याच हातचं."

 

रविवार, २१ सप्टें.

बर्नीचा फोन. रागवेल वाटलं होतं. "नको म्हटलं होतं तुम्हाला." मग म्हणाली, "पण मरण तुमच्या घरातलं. सांगायचा हक्क तुमचा." काठावरच आहे म्हणाली. एक आला, एक गेला.

के.चा मेसेज, दोन शब्द: रजा घेतलीय.

सोमवार, २२ सप्टें.

कौन्सिलच्या गॅलरीत बसून लिहितेय. सकाळी के.ने गाडी आणली. मोटरवेला तिने गाडी घातली. मग समोर बघत, मराठीत:

"त्यांनी गिळलं का?"

"हो."

"नक्की? ओठांवरून खाली आलं असेल."

"घसा हलला. मी पाहिलं. दोनदा."

"ठसका?"

"नाही लागला."

तिने वायपर लावले, पाऊस नव्हता. "मग पोचलं," म्हणाली.

इथे बर्नी पुढच्या रांगेत, तेच बूट. मागे वळून तिने पाहिलं, आधी मला, मग के.ला. के. माझ्याजवळून उठली आणि जाऊन तिच्या शेजारी बसली. काय बोलल्या ऐकू आलं नाही. फोटोवाले सगळे वळले, तर के.ने त्यांच्याकडे असं पाहिलं की दोघांनी कॅमेरे खाली घेतले. माझीच मुलगी.

ठराव वाचून झाला. नावं पुकारताहेत. पहिला: अनुकूल. दुसरा: विरुद्ध, आणि कारण सांगायला उभा राहिला तर अध्यक्षांनी बसवला. तिसऱ्या बाई म्हाताऱ्या आहेत, माझ्याएवढ्या. नाव पुकारून झालंय. गॅलरीकडे, माझ्याकडेच बघताहेत. वही मिटते.