आ करून दाखव

चि. योगिनी,

तुझे बाबा टीबीच्या गोळ्या गुपचूप कुंडीत पुरायचे, हे मला ते गेल्यावर कळलं. त्याच रागातून मी आंबिवलीत टीबीच्या पेशंटना गोळ्या द्यायचं हे काम उभं केलं आणि नियम एकच ठेवला: गोळी आमच्यासमोर गिळायची, मग आ करून दाखवायचा.

आज सगुणा आजीने गोळी गिळून आ केला आणि उलट मलाच विचारलं, "बाय, तुजी बीपीची गोली कोन बगतं?"

"माझी लेक," मी ठोकून दिलं.

हे पत्र तुला बंगळुरूला पाठवणार नाही. पाठवलं तर तू रोज फोन करशील, मग हळूहळू विसरशील, आणि ते माझ्या जिवाला जास्त लागेल.

कोपरच्या घरी आल्यावर गोळी गिळली. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून आ केला.

बघ गं, घेतली.

तुझी,
आई