मापाचा दगड

कोल्हार,
८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. पंकजास,
दादाचा आशीर्वाद. दाजी बरे असतील. इकडे सोयाबीन निघालं, भगवतीचं नवरात्र नीट पार पडलं.

खंडेनवमीला सकाळी तुझ्याकडे न येता मी थेट आपल्या ज्ञानेश्वरीच्या आयटीआयत गेलो, याचा तुला राग असेल. पण तू चहा पाजून माझी समजूत काढली असतीस. जर्मन कारखान्यानं यंत्रं दिली, शिकवायला बाई पाठवली, पोरगी निम्मे दिवस वर्गात आणि निम्मे कारखान्यात, पास झाली की वर्षभर त्यांच्या देशात. एवढं कोण कशाला करतं?

त्यात गणपतीला पोरगी आली ती मोकळ्या हातांनी. बांगड्या नाहीत, देवीचा दोराही नाही. म्हटलं, "बाटवली का काय तुला?"

"यंत्रात अडकतं, आबा," म्हणाली आणि हसली.

तिथं पाहिलं तर कोपऱ्यात कापडाखाली काळा तुळतुळीत दगड. मुली हात धुऊन यायच्या, कापड अलगद काढायच्या. माझा संशय पक्का झाला. तरी वाटलं, देव कुणाचाही असो, खंडेनवमीला बिनकुंकवाचा राहू नये. बोट ओलं करून कुंकू लावलं, नारळ फोडायला हात उचलला, तोच त्या जर्मन बाईनं मनगट धरलं.

ज्ञानेश्वरी पळत आली. "आबा, देव न्हाई तो. मापाचा दगड हाय. आमी केलेला भाग सपाट झालाय का, ते त्याच्यावर ठेवून बघतो. टवका उडाला असता म्हंजे?"

पोरी तोंड फिरवून हसत होत्या. बाईनं खुणेनं दाराची पायरी दाखवली. तिथं फोडला.

एवढं होऊनही संशय गेला नाही. तू विचारशील, पासपोर्टचं कुठवर आलं. तुला म्हणालो होतो, पोलीस चौकशीला कुणी आलं नाही. आला होता एक हवालदार, नवरात्राआधी. मी सांगितलं, मुलगी इथं राहत नाही, केडगावला आत्याकडे, म्हणजे तुझ्याकडे असते. तसं खोटं नव्हतं. तो तसंच लिहून गेला. त्यानं पासपोर्ट अडेल, हे मला ठाऊक होतं.

तुझ्या वहिनीनं ऐकलं होतं. काल भाकरी वाढताना म्हणाली, "जर्मनीवर कशाला संशय घेता? पोरगी माघारी येती का न्हाई, याची भीती वाटती, ते सांगा की."



आज देवीचं दर्शन घेऊन तसाच चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, "तुमीच म्हणाला हुता, इथं राहत न्हाई."

"राहते," म्हटलं. "माझ्याच घरात राहते."

त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. तिला तूच सांग. मला फोनवर जमायचं नाही.

तुझा दादा,
कानिफनाथ