निळ्या दाराच्या काचऱ्या

त्सुकुबा, जपान, १३ सप्टेंबर २०२५

प्रिय चारुभावजींना सिंधूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? यॉर्कच्या दगडी रस्त्यांवर काठी न्यायला लाजू नका, तरुण दिसायचं वय गेलं. गीताचं बीपी? गोळी घेते की नुसती पर्समध्ये मिरवते? ईश्वरीची कंबर बाळंतपणानंतर भरत होती ती थांबली का? आणि नातीला दात आले का? इकडे आमच्या सत्यजितला सर्दी, त्याची लेक नुपूर ठणठणीत. माझं विचाराल तर बरी आहे, म्हणजे बरी नाही.

काल षष्ठी, ह्यांची तिथी. पान वाढलं आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. इथे कावळ्यांना तोटा नाही. कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर जाळी घालावी लागते, इतके धीट. पण ह्यांच्या घासाला एक शिवेल तर शपथ. एकच येतो, शेपटीचं एक पीस तुटलेला. पानाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मान अशी तिरकी करून, तुमचे दादा पेपर वाचताना करायचे तशी. आज तिथी सरली, तरी पुन्हा तोच. शेजारच्या नाकामुरासान तीनदा वाकून सांगून गेल्या की कृपा करून कावळ्यांना खाऊ घालू नका. सत्यजितची मान खाली.

भावजी, दोन वर्षांपूर्वी दहाव्यालाही हेच झालं होतं. तुम्ही होतातच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. पण दर्भाच्या कावळ्यानं का कुणाचं पोट भरतं?

माझ्या मनात काय आलं ते सांगते. त्र्याऐंशी साली हे रेल्वेच्या डब्यांचं काम शिकायला सहा आठवडे यॉर्कला होते. शाकाहारी माणूस, थंडी मरणाची, आणि दर पत्रात एकच: वेशीतून आत आलं की डाव्या हाताला निळ्या दाराचं दुकान, तिथल्या बटाट्याच्या जाड काचऱ्या, वर मीठ आणि शिरका. परत आले ते बटाट्याला शिवले नाहीत. वातूळ असतो म्हणायचे. म्हटलं, जीव त्या काचऱ्यांतच अडकला असेल, म्हणून पानावर मुद्दाम वाढल्या.

तुम्ही त्याच गावात आहात. ईश्वरी नेईल त्या झकपक हॉटेलात जाऊ नका. ते निळं दार शोधा आणि ह्यांच्या नावानं चार काचऱ्या खा. नुपूर ह्या पत्राचा फोटो काढून धाडते आहे, टपालाची वाट बघता पक्षच संपेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
सिंधूवहिनी


यॉर्क, १५ सप्टेंबर

ती. सिंधूवहिनींस चारुदत्तचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

गुडघा कुरकुरतो पण चालतो. गीताची गोळी पर्समध्येच असते, हे तुम्हाला तिकडे बसून कसं कळलं? नातीला वरचे दोन दात आले, परवा माझ्या बोटाला चावली.

तुमच्या आज्ञेप्रमाणे गेलो. दादाची वेस सापडली, भिंतीवरून चक्करही मारली. पण ते दुकान आता राहिलं नाही. तिथे चष्मे विकतात. शेवटी ईश्वरीनं एका इटालियन ठिकाणी नेलं, भाज्यांचं सूप घेतलं. दादाच्या नावानं पहिला चमचा बाजूला काढला, तेवढं गोड मानून घ्या.

आता फार विचार करू नका. परदेशातल्या कावळ्यांना आपल्या चालीरीती काय ठाऊक?

आपला,
चारुदत्त


त्सुकुबा, १७ सप्टेंबर

चारुभावजींना आशीर्वाद.

बारा वर्षांचे होतात तेव्हा माझ्या फडताळातले लाडू खाऊन मांजराचं नाव सांगितलंत. तेव्हाही खोटं नीट जमत नव्हतं.

नुपूरनं मोबाईलवर तुमच्या यॉर्कचा नकाशा काढला. त्यात रस्त्यांचे फोटोही असतात. वेस, डावा हात, निळं दार. बाहेर माणसांची रांग. चष्म्याचं दुकान कुठेच नाही. पोरगी हसायला लागली, मी मात्र नाही. साठी उलटलेला माणूस वहिनीशी चार काचऱ्यांसाठी खोटं बोलतो, म्हणजे मुठीत काहीतरी झाकलेलं आहे.

मग काल ह्यांची पत्रं काढली. मी चौथी शिकलेली. ह्यांना उत्तर धाडता यावं म्हणून ह्याच पत्रांवर अक्षर गिरवून धड लिहायला शिकले, त्यामुळे ओळ न् ओळ पाठ आहे असं समजत होते. पण एक गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. अकरा पत्रं आहेत. पहिल्या आठांत काचऱ्या आहेत. शेवटच्या तिनांत नाहीत. त्यांत नदी गोठली, मोठ्या चर्चच्या घंटा वाजल्या, बर्फ पडलं. जेवलो असं एकदाही नाही.

आणि परतल्यावर सोमवार धरले ते मरेपर्यंत. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कशासाठी म्हणून विचारलं तर हसायचे. मीही पाठोपाठ धरले, न विचारता.

कावळा रोज येतो. आज पाऊस होता तरी आला. भिजत बसला, पानाला शिवला नाही. रविवारी सर्वपित्री. त्याच्या आत मला खरं कळवा. तुम्हाला ह्यांची शपथ घालते, मग बघा.

सिंधूवहिनी


यॉर्क, १९ सप्टेंबर

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार.

शपथ घातलीत, आता माझा इलाज नाही. पण आधी बसून घ्या.

मी दुकानाच्या दारापर्यंत गेलो होतो. भूक लागली होती, वासही चांगला येत होता. काचेवर मोठ्या अक्षरांत, अभिमानानं लिहिलंय की आम्ही पहिल्यापासून गाईच्या चरबीतच तळतो. इकडची ती जुनी रीत आहे, लपवाछपवी काही नाही. आपणच विचारत नाही. बटाटा म्हटला की झालं आपलं समाधान. मी पाटीसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. ईश्वरीनं बाही ओढली तेव्हा भानावर आलो.

दादा परत आला त्या आठवड्यात मला नाशिकला घेऊन गेला होता, आठवतं? तुम्हाला सांगितलं की ऑफिसचं काम. काम नव्हतं. पहाटे गोदावरीत तीन बुड्या मारल्या, ओठ निळे पडले. मला म्हणाला की तिकडे खाण्यात चूक झाली, आणि हिला कळू द्यायचं नाही, नाहीतर ही माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. मी वीस वर्षांचा टवाळ. मला वाटलं, बिअर प्यायला असेल. गाडीत त्याची चेष्टा केली.

तेव्हा वचन दिलं होतं. ते आज मोडलं. दादाचा अपराधी झालो की तुमचा, ते तुम्हीच ठरवा.

ती पाटी वाचल्यापासून ह्या गावात घास उतरत नाही. ईश्वरी रोज नवं हॉटेल सुचवते, मी रोज काहीतरी निमित्त काढतो.

आपला,
चारुदत्त


त्सुकुबा, २२ सप्टेंबर

चारुभावजींना सिंधूवहिनीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

अपराध कुणाचाच नाही. असलाच तर माझा. ज्याला माझी धास्ती वाटावी अशी बायको मी होते, हे मला बेचाळीस वर्षांनी कळलं. आणि होते हो. तेव्हा कळतं तर मी खरंच पाणी घेतलं नसतं. माझं सोवळं तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

आणि बघा, ज्यानं ह्यांचा जीव जाळला तेच मी रोज पानावर वाढत होते.

काल सर्वपित्री. सत्यजित म्हणाला, आई, आज तरी काचऱ्या नको. मी केल्याच. गोड्या तेलात, तव्यावर, हळद-तिखट घालून. कठड्यावर पान ठेवलं. शेजारच्या गॅलरीत नाकामुरासान उभ्या होत्या, मी त्यांना दोन्ही हात जोडले, त्या आत गेल्या. तो येऊन बसला, मान तिरकी. मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. तो घासाला शिवायच्या आधी त्याच पानातली एक काचरी उचलून मी खाल्ली. उष्टं केलं पान. आणि ह्यांना सांगितलं की थंडीत उपाशी माणसानं जे खाल्लं ते खाल्लं, पोटाला सोवळं नसतं. मी तुमच्या पानातलं खाते आहे, बघा. पाणीही प्यायले, ह्यांच्या तांब्यातलं.

तो दोन पावलं पुढे आला. भाताला नाही, खिरीला नाही, काचरीला शिवला. एक उचलली आणि समोरच्या तळ्याच्या बाजूला उडून गेला.

आज कठडा रिकामा आहे. सकाळपासून चारदा बघून आले. हे सुटले म्हणून आनंद व्हावा, तर मला मेलीला करमत नाही.

आता तुमचं. निळ्या दारात जायचं नसेल तर जाऊ नका, दुसरीकडे जा, ईश्वरी म्हणेल तिथे जा. फक्त विचारून घ्या, आणि बसून पोटभर जेवा. त्या गावात आपल्या घरचा एक माणूस उपाशी फिरला, तेवढं पुरे.

कुठे जेवलात आणि काय जेवलात ते सविस्तर लिहा, आणि लगेच लिहा. मी वाट बघते आहे.

तुमची,
सिंधूवहिनी