तळ्याला घातलेला भात

बाबा, दुपारचे तीन वाजलेत आणि मी ओट्याशी उभी राहून तुम्हाला लिहितेय. टेबलापाशी बसलं की तळं दिसत नाही, ओट्यावरच्या खिडकीतून दिसतं, म्हणून उभी. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हॉस्टेलवर असताना तुम्ही मला तीन ओळींच्या वर कधी पत्र लिहिलं नाहीत, आणि मी लांबलचक लिहिलं की ‘मुद्दा कुठे आहे?’ असं लाल पेनने समासात लिहून तेच पत्र परत पाठवायचात. आजही मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे, कारण मुद्दा फार वाईट आहे.

आमचं घर हेन्डरसनच्या पुढे, एका नव्या वसाहतीत आहे. मागच्या कुंपणापलीकडे तळं आहे, मुद्दाम खणलेलं. रस्त्यांवरून आणि छपरांवरून वाहणारं पावसाचं पाणी त्यात थांबतं, गाळ खाली बसतो, आणि वरचं पाणी पाइपातून ओढ्याला मिळतं. अशी तळी सांभाळणं हीच माझी नोकरी आहे. पाण्याचे नमुने घ्यायचे, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, अहवाल लिहायचा. शास्त्राच्या मास्तरांची मुलगी याहून वेगळं काय करणार, असं तुम्हीच म्हणाला असतात. तळ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून, एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आजोबा राहतात. सगळे त्यांना मातुआ म्हणतात, आपण वडीलधाऱ्याला काका म्हणावं तसं, म्हणून मीही म्हणते. त्यांची नात माझ्या लेकीच्या वर्गात आहे. मातुआ ओढ्यात ईल पकडतात, आपली वाम असते तशी, पण दंडाएवढी जाड आणि काळी. अंगणात पत्र्याची पेटी आहे, तिच्यात लाकडाच्या भुशाचा धूर करून ते ती भाजतात आणि नातवंडांना बोलावतात.

तुमच्या दहाव्याला मी नव्हते. मी विमानात होते, आणि घाटावर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. चुलतभाऊ सांगतो, दोन तास सगळे उन्हात उभे होते. एकेकाने पुढे येऊन वचनं दिली, आईने तर हात जोडून काय काय कबूल केलं, तरी कावळा झाडावरून हलेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की त्या दिवशी घाटावर आणखी पाच पिंडं होती, कावळ्यांची पोटं भरली असतील. पण ते सांगायला तुम्हीच नव्हतात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे घरी गेले. आईने तेव्हापासून मनात धरलंय की तुमचा जीव माझ्यात अडकून राहिला. ती मला तसं बोलून दाखवत नाही, फक्त दर वर्षी तुमच्या तिथीला फोन करते आणि विचारते, “कावळा शिवला का गं?”

आणि इथे कावळेच नाहीत, बाबा. पहिल्या वर्षी मी पान वाढून कुंपणावर ठेवलं आणि ऑफिसला दांडी मारून बसले. काही आलं नाही. दुपारी फोन येणार हे ठाऊक होतं, म्हणून पान उचलून तळ्याकाठी गेले आणि भात पाण्याच्या कडेला ठेवला. एक बदक आलं, मान वाकडी करून बघितलं आणि सगळा भात चट्टामट्टा केला. फोन आला तेव्हा मी म्हटलं, “शिवला, आई.” ती रडली. मीही रडले, खोटं बोलल्यामुळे नव्हे, खरंच हलकं वाटलं म्हणून.

ही गोष्ट माझ्यापाशीच राहिली असती तर एका बदकाचं एका दिवसाचं जेवण, एवढ्यावर मिटलं असतं. पण मी ती इथल्या मराठी मंडळात सांगितली, थोडी फुशारकीनेच. पुढच्या सर्वपित्रीला चार घरं आली, त्याच्या पुढच्या वर्षी पंधरा. अल्बनीहून, अगदी खाडीवरच्या पुलापलीकडून लोक डबे घेऊन यायचे. भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. मुलं जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून चिखलात पळायची. नंतर ज्याच्या त्याच्या घरच्या तिथीलाही लोक येऊ लागले, मग बदकं वाट बघायला लागली, मग बदकं वाढली, आणि मला सगळे तळ्यावाल्या ताई म्हणायला लागले. मला ते आवडायचं. परक्या देशात आपल्यामुळे चार लोकांची सोय झाली, असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मातुआ कुंपणापाशी आले होते. टोपी काढून “किया ओरा” असा नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाले, “राग मानू नकोस. मेलेल्यांचं आणि जेवणाचं आम्ही वेगवेगळं ठेवतो. त्यात हे पाणी माझ्या ओढ्यात येतं. तिथून मी मुलांना खायला घालतो.” मी हसले. त्यांना समजावून सांगितलं की भात आहे, प्लास्टिक नाही, दोन दिवसांत कुजून जातो, निसर्गातलं निसर्गात. “माझं कामच आहे हे,” असंही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “स्वीट अ‍ॅज, गर्ल. काही हरकत नाही. तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं,” म्हणाले आणि टोपी घालून गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तुमची मुलगी ‘कुजून जातो’ म्हणाली, बाबा! तुम्ही माझ्या दहाव्या वाढदिवसाला लोणच्याची बरणी दिली होतीत, आठवतं? मैत्रिणींना फ्रॉक मिळायचे, मला बरणी. तळाशी माती, वर डबक्याचं पाणी, एक पाणवनस्पती, दोन गोगलगाई, आणि झाकण मेण लावून घट्ट बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून तुम्ही सांगताय, हिला बाहेरून फक्त ऊन लागतं. उन्हावर पान जगतं, पान गोगलगाय खाते, गोगलगाईची घाण मातीत जाते, मातीतून पुन्हा पान. ऊन येतं, वापरलं जातं आणि ऊब होऊन निघून जातं, ते परत मिळत नाही. बाकीचं कुठेही जात नाही, तेच तेच फिरत राहतं. आणि मी, गोगलगाई उपाशी असतील म्हणून, तुम्ही शाळेत गेल्यावर झाकण उघडून रोज पोळीचा तुकडा टाकतेय. आठवड्यात पाणी हिरवं झालं, मग काळं, आणि झाकण काढल्यावर आई घराबाहेर पळाली. तुम्ही ओरडला नाहीत. मेलेल्या गोगलगाई माझ्या तळहातावर ठेवल्यात आणि विचारलंत, “पोळी गेली कुठे?” मी म्हटलं, कुजून गेली. तुम्ही म्हणालात, “ती गेली नाही. ती हीच आहे.” आणि तो वास येणारा हात मला संध्याकाळपर्यंत धुऊ दिला नाहीत. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता.

यंदा उन्हाळा कोरडा गेला. पाऊस नाही म्हणून तळ्यात नवं पाणी नाही, पाइपातून जेमतेम झिरपतंय. मागच्या आठवड्यात लेक शाळेतून आली ती थेट खिडकीपाशी. “आई, द डक्स कान्ट होल्ड देअर हेड्स अप.” आम्ही गेलो तर काठावर पाच बदकं, माना चिखलात टाकलेल्या, डोळे उघडे. पाण्यावर कोणी पोपटी रंगाचा डबा सांडावा तशी साय. गुरुवारी मी नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बघायची गरजच नव्हती. शेवाळ म्हणतात तेच, पण विषारी जातीचं, यकृताला धरणारं. ते ज्यावर पोसतं ते नत्र आणि स्फुरद आमच्या डब्यांतून आलेलं. बदकांनी भात खाल्ला, त्यातलं ऊन त्यांच्या अंगाची ऊब होऊन हवेत गेलं, बाकीचं सगळं विष्ठेतून तळाच्या गाळात, वर्षावर वर्ष. हिंदुस्थानातल्या कुठल्या कुठल्या शेतांची माती आम्ही ताटाताटाने इथे आणून ओतली, आणि या तळ्याला ती परत करायची सोय नाही. त्याला एकच वाट आहे, ओढ्याची. ओढ्याच्या तळाशी वाम असते, आणि ती मिळेल ते खाते, मेलेलं तर आधी. हे विष तिच्या मांसात उतरतं, हे मला कोणी शिकवायला नको.

अहवालात ‘संभाव्य कारण’ असा रकाना असतो. मी लिहिलं, लॉनला घातलेलं खत, पानगळ. प्रयोगशाळेचा निकाल सोमवारी येईल, मग तळ्यावर धोक्याची पाटी लागेल, ओढ्यावरही लागेल. निकालाआधी पाटी लावता येते. मी फोन केला तर आज लागेल. मी स्वतःला सांगतेय की पद्धत म्हणजे पद्धत.

काल संध्याकाळी मातुआ ओढ्यातून वर येत होते, हातातल्या पोत्यात काहीतरी वळवळत होतं. मला बघून पोतं उंच धरलं. “उद्या शनिवार, सगळी नातवंडं येतायत. तुझ्या पोरीलाही पाठव, संध्याकाळी पेटी उघडेन.” तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते, पाणी खराब आहे, खाऊ नका. पण त्यांनी ‘कशाने?’ विचारलं असतं. विचारलंही नसतं कदाचित, नुसतं बघितलं असतं, त्या दिवशी बघितलं होतं तसं. मग मंडळात सांगावं लागलं असतं, आणि मंडळातून ते आईपर्यंत गेलं असतं, की कावळा एकदाही शिवलेला नाही. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. मी “थँक यू” म्हटलं आणि आत आले. रात्रभर कारणं जमवली. एवढ्याशाने काय होतंय, पाणी ओढ्यात पातळ होत असेल, ते लोक पिढ्यान् पिढ्या खातायत. यातलं एकही कारण तुमच्यासमोर उभं राहिलं नसतं.

लिहायला घेतलं तेव्हा पेटी थंड होती. आता धूर निघतोय, सरळ वर जातोय, वारा नाही. अंगणात सहा पोरं आहेत. सगळ्यात लहान असेल तीन वर्षांचं, ते पेटीभोवती गोल गोल फिरतंय आणि मातुआ त्याला हाताने लांब सारतायत. त्यांची नात मघाशी कुंपणावर चढून माझ्या लेकीला हाका मारत होती.

पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. दुपारी लेक चपला घालून दारात उभी होती. मी म्हटलं, जाऊ नकोस, आज शनिवार, शनिवारी आपण मासे खात नाही. “सिन्स व्हेन?” तिने विचारलं. मी दाराला कडी घातली, आणि ती चिडून खोलीत जाऊन बसली. आपल्या घरात शनिवार कधीच कोणी पाळला नाही, बाबा. मी माझी तेवढी घरात ठेवून घेतली, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.