पेजेतलं मीठ

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, म्हणून आधीच सांगते, हे पत्र काही गोड नाही.

आठवीच्या वर्गाला तुम्ही पेशी शिकवायचात तो दिवस शाळेत सणासारखा असे. बटाटा मधोमध कोरून त्यात मीठ भरायचं, आणि तास संपेस्तोवर त्या खळग्यात पाणी साठलेलं असायचं. मग फळ्यावर पेशीचं पातळ आवरण काढून तुम्ही म्हणायचात, "मीठ पाणी खेचतं. लिहून घ्या." घरीसुद्धा आईच्या बरणीतले सुरकुतलेले खारातले आंबे दाखवून तेच ऐकवायचात. मला तुमचा फार अभिमान होता, तेही इथे लिहून ठेवते.

धाकटी चार वर्षांची आणि मी अकराची असताना तिला हगवण लागली. सकाळपासून तिच्या अंगातलं पाणी चाललंय, डोळे खोल गेलेत. आई चुलीपाशी बसून तिला चमच्याचमच्याने पेज पाजतेय, चिमूटभर मीठ घातलेली. दुपारी धाकटी उठून बसली, माझ्याकडे बाहुली मागितली. तेवढ्यात तुम्ही शाळेतून आलात. पेजेची चव घेतलीत आणि पातेलं उचलून माडाच्या मुळात ओतलंत. "मीठ पाणी खेचतं, एवढंही कळत नाही? पोरीचं उरलंसुरलं पाणी घालवशील." आई हळूच म्हणाली, "मिठाबगर चेडवाच्या घशाखाली उतराची नाय ओ." तुम्ही तिच्याकडे पाहिलंतही नाही. त्यानंतर नुसतं उकळलेलं पाणी आणि अळणी पेजेची निवळ. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी म्हणाल्या, कुडाळच्या डॉक्टराक दाखवया. तुम्ही म्हणालात, अजून एक दिवस बघू. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेवढ्यावर थांबला असतात तर मी तुम्हाला माफ केलं असतं. चुकतो माणूस. पण भेटायला आलेल्या लोकांसमोर, ओसरीवर बसून, तुम्ही शांतपणे म्हणालात, "पहिल्या दिवशी हिने मीठ घातलं, तिथेच बिघडलं." मास्तरांचा शब्द, कोण खोटा म्हणणार? आत आईने ऐकलं. त्या दिवसापासून ती स्वतःची पेज अळणी खाते. कोणी विचारलं की म्हणते, सवय झाली.

मी नर्स झाले. ट्रेनिंगच्या पहिल्याच वर्षी एका बाईंनी आतड्याची पेशी फळ्यावर काढली. तिचं आवरण तेलकट, पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा साखर त्यातून आपली आपण जात नाही. त्यासाठी आवरणात दारं असतात, आणि त्यातलं एक दार असं की मीठ आणि साखर दोघं मिळून आली तरच ती आत घेतली जातात. ती आत गेली की त्यांच्यामागून पाणी जातं. हगवणीत बाकी सगळं बिघडलं तरी ते दार बहुधा चालू राहतं. भाताची साखर पोटात तयार होतेच, म्हणजे पेजेत फक्त चिमूटभर मीठ हवं. तुमचं वाक्य चूक नव्हतं, बाबा. मीठ पाणी खेचतंच. ते आवरणाच्या कुठल्या बाजूला उभं आहे, एवढं तुम्ही विचारलं नाहीत. बटाट्यात ते पेशींच्या बाहेर राहिलं होतं. धाकटीच्या पोटात ते आत चाललं होतं, आणि तुम्ही ते माडाला घातलंत. चार बुकं न शिकलेल्या बाईचा हात बरोबर होता आणि तुमचा खडू चुकला होता.

आता आरोग्य केंद्रात आयांना मीठ-साखरेचं पाणी करायला मी रोज शिकवते. घरी मात्र आईसमोर कधी तोंड उघडलं नाही. गेल्या आठवड्यात ती आजारी पडली, मी पेज केली, तिने वाटी पुढे धरून विचारलं, "मीठ नाय मां घातलंस?" आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. दार, साखर, पाणी, तिला समजेल असं. म्हटलं, तुझ्या हातून काही झालं नव्हतं, तू तिला वाचवत होतीस.

तिने वाटी खाली ठेवली. मला वाटलं रडेल, किंवा तुम्हाला शिव्या देईल. मी तर शिव्या ऐकायला बसलेच होते. ती म्हणाली, "बरा झाला, ते आसताना तुका ह्या ठावक नव्हता. तेंका सोसला नसता गो."

मी म्हटलं, "होय, नव्हतं ठाऊक."

बाबा, मला ठाऊक होतं. फळ्यावरचं ते दार पाहिलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तुम्ही त्यानंतर नऊ वर्षं जगलात. दर रविवारी मी तुमच्या शेजारी बसून जेवले. तुम्हाला सोसणार नाही म्हणून गप्प राहिले असं नाही. तुम्ही आईकडे पाहिलं नव्हतंत तसं माझ्याकडेही पाहणार नाही, याची भीती वाटली. आईची अळणी पेज तेव्हापासून माझ्यामुळेही होती, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.