कपिलीची चिठ्ठी

थोरलीवाडी, जि. बीड
रविवार, दि. २२ मे २०१६

प्रिय गहिनीनाथ,

तुला, बायनावहिनींना आणि लेकीच्या घरच्या सगळ्यांना माझा रामराम. इकडे आम्ही दोघं ठीक. टँकर तीन दिवसांआड येतो. शाळेपुढचा लिंब तेवढा हिरवा आहे, बाकी रान तापल्या तव्यासारखं. तुमच्या पालीचं धरण कोरडं पडल्याचं पेपरात वाचलं. फोटोत तळाच्या भेगा दिसत होत्या, माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या.

मोठ्या अक्षरात लिहितोय, म्हणजे तुला वाचता येईल. एक विनंती आहे. हे पत्र नातीकडून वाचून घेऊ नकोस. तू चौथीतूनच गुरांमागं गेलास, पण वर्गात तुझं वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. स्वतः वाच. हळूहळू वाच.

मी एक बेत केलाय. येत्या श्रावणात आपण दोघांनी केरळला जायचं. हसू नकोस. सत्तरी ओलांडली म्हणून काय झालं? आठवतं का, समुद्राची कविता शिकवताना मास्तरांनी विचारलं होतं, "समुद्र कुणी बघितलाय?" आणि सगळा वर्ग खाली मान घालून बसला. सुटी झाल्यावर ओढ्याच्या वाळूत तू समुद्र काढलास, मी त्यात काडीची नाव सोडली. तू म्हणालास, "राम्या, मोठं झाल्यावर दोघं मिळून जाऊ. भर पावसाळ्यात. वरून बी पानी, खालून बी पानी." पुढं तू शाळेमागच्या माळावर गुरं चारायचास आणि खिडकीतून कविता ऐकायचास. वर्गातल्या पोरांना येत नसत त्या ओळी तुला पाठ असत.

तर बेत असा. बीडहून एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वे. खिडकीजवळची जागा तुझी. दुसऱ्या दिवशी डोंगरांमधली एक मोठी खिंड ओलांडली की वारा बदलतो, खिडकीच्या गजाला हात लावला तरी ओला होतो. पावसाळ्यात तिकडं पाहुणे फारसे फिरकत नाहीत, त्यामुळं खाडीकाठी पत्र्याच्या पडवीची एखादी खोली सहज मिळते. दोन धोतरं जास्तीची घे, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, नाहीतर सादळते. सकाळी केळ्याची भजी मिळतात, गोडसर. पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं.

हे मला कसं ठाऊक, असं तू विचारशील. "कुठंतरी वाचलंय" असं आधी लिहिलं होतं. वर खोडलेली ओळ दिसतेय ना, ती तीच.

गहिनी, मी केरळ बघून आलोय. मागच्या श्रावणात.

पान इथंच संपवावं आणि पाकीट चिकटवावं असं वाटलं. पाणी पिऊन आलो, पुन्हा बसलो.

तालुक्यातल्या दूध संस्थांच्या आम्हा चेअरमन लोकांचा अभ्यास दौरा निघणार होता. तिकडच्या संस्था कशा चालतात ते बघायला. बाकीचे म्हणत होते, दिवाळीनंतर जाऊ. त्यांच्यातले भगवानराव तर म्हणाले, "गुरुजी, पावसाळ्यात कोन मरायला जातंय केरळात?" पण मीच हटून बसलो. पावसाळ्यातच, नाहीतर मी नाही. त्यांना वाटलं, गुरुजींचा काहीतरी अभ्यास असेल. चौतीस वर्षं मी समुद्राची कविता शिकवली आणि समुद्र पाहिला नव्हता, हाच माझा अभ्यास. शाळेतून आणलेला जुना नकाशा भिंतीला लावून मी दुपारभर त्यावरून बोट फिरवायचो. खिडकीबाहेर धूळ उडायची आणि माझं बोट हिरव्या पट्ट्यावर. तुझी आठवण आली होती. नाही असं नाही. दौरा फक्त चेअरमन लोकांचा आहे, असं मनाला सांगितलं.

गावाला काय सांगायचं? पेरण्या करपलेल्या, पोळ्याला बैल धुवायला पाणी नाही, आणि गुरुजी पाऊस बघायला चालले? म्हणून सांगितलं, बीडला डोळ्याचं ऑपरेशन आहे.

आता छावणीचं. तुला ठाऊकच आहे, चारा छावणी आपल्या संस्थेची. मागच्या दुष्काळात एका छावणीत नसलेल्या गुरांची नावं चढवल्याचा बोभाटा झाला होता. म्हणून मी नियम केला, माझ्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय नवीन जनावर आत घ्यायचं नाही, आणि नोंद नसलेल्या जनावराला चारा टाकायचा नाही. नियमाचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर सहीचाही होता. सचिव आसाराम माझा विद्यार्थी. चौथीत त्यानं वहीवर बापाची सही स्वतःच केली म्हणून मी त्याला वर्गासमोर छड्या मारल्या होत्या. जाताना त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमी न्हाईत तवर कुनी आलं तर?"

मी म्हणालो, "कोण येतंय सात-आठ दिवसांत?"

तू आलास. मी गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, तुझ्या कपिली गाईला घेऊन. पुढचं तू मला सांगण्याआधी आसारामनं सांगितलं होतं. वस्तीवरचा कडबा संपला म्हणून तुम्ही दोघं तिला अर्धपोटीच सहा मैल चालवत आणलंत. फाटकाशी आसाराम म्हणाला, "मामा, पानी पाजा कितीबी. चाऱ्याला गुरुजींची सही लागती." बायनावहिनी म्हणाल्या, "आरं, गुरुजी आन् ह्ये येका पाटीवर लिवलेले हायेत! त्येंची सही म्हंजी काय लांबची हाय व्हय?" आसाराम हलला नाही. माझ्या छड्या खाल्लेलं पोरगं, ते कसं हलणार?

पण त्यानं फोन केला होता, गहिनी.

हे कुणालाच माहीत नाही. आसारामला वाटतं, दवाखान्यात फोन बंद होता. फोन चालू होता. मी पत्र्याच्या पडवीत खुर्ची टाकून बसलो होतो. समोर खाडी, पलीकडं समुद्राची पांढरी रेघ, वरून पाऊस. आपल्या वाळूतल्या समुद्रासारखाच, वरून पाणी, खालून पाणी. मी मोठ्यानं कविता म्हणत होतो, एकटाच, वेड्यासारखा. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आसारामचं नाव दिसलं. बटणावर अंगठा ठेवला आणि मनात आलं, फोनमध्ये पावसाचा आवाज जाईल. बीडच्या दवाखान्यात एवढा पाऊस कुठला?

उचलला नाही. त्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी तीनदा, तिसऱ्या दिवशी एकदा वाजला. पाऊस थांबला की आपण करू, असं ठरवलं होतं. पाऊस थांबला नाही. खोटं कशाला लिहू? तो थांबू नये असंच वाटत होतं.

मी परत आलो तेव्हा आसारामनं साठलेल्या चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. मी काळा चष्मा घालून सह्या करत गेलो. एका चिठ्ठीवर पेन टेकवला तर त्यानं ती हळूच ओढून घेतली. "ही ऱ्हाऊ द्या गुरुजी. ही गेली." वर नाव होतं, गहिनीनाथ, गाय एक, रंग तांबडा. तीन दिवस फाटकाबाहेर उभी राहिली, चौथ्या दिवशी सकाळी बसली ती उठली नाही. ती चिठ्ठी मी मागून घेतली. माझ्या कवितेच्या वहीत आहे. सहीच्या जागी शाईचा एक ठिपका आहे, बस.

आणि आठ दिवसांनी तू माझे डोळे बघायला आलास! मी पुन्हा तो चष्मा चढवला. तो समुद्रकाठी घेतलेला होता. ओसरीवर तू माझ्यासमोर बसलास, मला बोल लावला नाहीस. म्हणालास, "तुमी हितं असता तर ती जगली असती गुरुजी. पन तुमी बी दवाखान्यात पडलेलते. कुनाला काय म्हनावं?" मग धोतराच्या सोग्यातून काचेची बरणी काढलीस. "कपिलीच्या दुधाचं तूप हाय. शेवटचं. डोळ्यात घाला, थंडावा पडल." आमच्या हिनं चहा आणला आणि कप ठेवताना माझ्याकडं असं पाहिलं की काळ्या काचेतूनही ते लागलं.

तिला ठाऊक होतं. तिकडून येताना मी एक छत्री आणली होती. धान्याच्या कोठीमागं लपवलेली तिला सापडली. एवढंच म्हणाली, "डोळ्याच्या दवाखान्यात छत्र्या वाटतेत व्हय?" पुन्हा विषय काढला नाही. फक्त टँकर आला आणि मी घागर घेऊन निघालो की आतून आवाज येतो, "छत्री घेऊन जा. भिजताल."

तूप तसंच आहे. फळीवर. तोंडाला बांधलेला दोरा सोडलेला नाही.

त्यानंतर तू उरलेली दोन जनावरं बाजाराला सोडलीस आणि वस्ती बंद करून लेकीकडं गेलास. निघताना एसटीत चढून मला हात केलास. तेव्हापासून तुला केरळला न्यायचा बेत डोक्यात घोळतोय. वाटायचं, तुला खिडकीशी बसवलं, समुद्र दाखवला, की माझं पहिलं जाणं पुसलं जाईल. वरचा सगळा बेत त्यासाठीच लिहिला. लिहिता लिहिता कळलं की हीसुद्धा लबाडीच. त्या पडवीत तुझ्याशेजारी बसून, पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून मी "वा" म्हणालो असतो. म्हणून बेत मोडतोय. तिकिटं काढलेली नाहीत.

पत्र पोचायला चार-पाच दिवस धरतो. पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, सकाळच्या एसटीनं पालीला येतोय. सोबत बरणी आणि ती चिठ्ठी असेल. छत्री आणत नाही, ऊन लागू दे. तुझ्या लेकीच्या अंगणाला फाटक आहे, मी पाहिलंय. त्याच्या बाहेर थांबेन. हाक मारणार नाही, कडी वाजवणार नाही. कपिली तीन दिवस उभी होती, तेवढं उभं राहायची ताकद माझ्या गुडघ्यांत नाही, बसून राहीन. बायनावहिनींना पाणी पाठवू देऊ नकोस. किंवा पाठवू दे, आसारामनं कपिलीला पाजलंच होतं. आत घ्यायचं की नाही, ती सही या वेळी तुझी. नाही केलीस तर चौथ्या दिवशी उठून परत जाईन, मला उठता येईल. तिला आलं नाही.

बायनावहिनींना हे पत्र वाचून दाखव. सगळं. खोडलेली ओळसुद्धा.

तुझ्या फाटकाबाहेरचा,
राम्या