काढून टाकलेला आवाज

प्रिय टिटवे,

वहिनी हे पत्र घेऊन अचानक दारात उभी राहिली म्हणून दचकू नकोस. तिला आधी पाणी दे, मग वाच. गाणं कुठे अडलं, असं तू रोज विचारतेस आणि मी रोज नवी थाप मारतो. कॉम्प्युटर बिघडला, वीज गेली, हेडफोनची वायर तुटली. परवा तर जावईबापूंनी विचारलं, की तुमच्या घरात नक्की काही चालू आहे का. सगळं चालू आहे गं. तुझं गाणं केव्हाच मिक्स करून झालं असतं. मी ते मुद्दाम अडवून धरलंय, आणि तू कार्यक्रमाची तारीख ठरवून बसली आहेस हे माहीत असूनही अडवलंय. का, ते सांगायला फोनवर कितीदा तरी तोंड उघडलं आणि दर वेळी हवापाण्यावर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर वहिनीला विचार. मला स्वतःला ते नेहमीच लागतं असं नाही.

आईची खोली अजून तशीच आहे. भिंतींना उभ्या केलेल्या जुन्या गाद्या, खिडकीवर रजई, मधोमध माइक, आणि कोपऱ्यात तिची लाकडी खुर्ची. मागची खोली म्हणून रस्त्याचा आवाज कमी, त्यामुळे स्टुडिओसाठी आपण तिच्याकडे तीच मागितली. तिने दिली, पण 'मी इथून हलणार नाही' या अटीवर. मग आपण गायचं-वाजवायचं आणि ती कोपऱ्यात स्वेटर विणायची. रेकॉर्डिंग सुरू झालं की सुया थांबायच्या. काही खटकलं की सुईने खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे थांब. ती गप्प बसली की टेक पास. हिला सुरातलं काय कळतं म्हणून तू किती फणफणायचीस, आणि मागाहून ऐकलं की तीच बरोबर निघायची. मग तू जेवताना कोणाशी बोलायची नाहीस.

आणि प्रत्येक गाण्याआधी मी सगळ्यांना गप्प करून नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायचो, ते आठवतं? तू हसायचीस, की दादा काहीच नसल्याचंसुद्धा रेकॉर्डिंग करतो. त्याला कारण होतं. ती शांतता कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला ऐकवली की त्याला समजतं, हा पंखा, ही नळातली सळसळ, हे गाणं नव्हे. मग तांदळातले खडे वेचावेत तसं तेवढंच तो गाण्यातून वेचून काढतो. एक बटण असं आहे, की ते दाबलं की गाणं बंद होतं आणि नुसते खडे ऐकू येतात. काढून टाकलेला आवाज. खड्यांबरोबर एखादा दाणाही गेला नाही ना, हे बघायला मी ते दर वेळी दाबतो.

तुझं गाणं आलं त्या सकाळी मी सवयीने आईच्या खोलीची जुनीच शांतता लावली. तू तर गायलीस तुझ्या नव्या घरात, कपाटातल्या कपड्यांत डोकं खुपसून. म्हणजे चुकलंच माझं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, माझ्या हातात चहा होता. बटण दाबलं आणि त्या काढून टाकलेल्या आवाजात आई श्वास घेत होती. तोच, शेवटाला बारीक शीळ असलेला. चहा गार झाला. मग स्वतःला समजावलं, की जुन्या शांततेत आई बसलेली होती, प्रोग्राम तिचा श्वासही शांतता म्हणून शिकलाय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तशी याला सगळीकडे आईच दिसणार. तुझ्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची, तुझ्या कपाटातली शांतता लावली. श्वास गेला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आणि मग अंतऱ्याच्या वरच्या ओळीआधी, त्याच टाकलेल्या आवाजात, स्वच्छ ऐकू आलं. टक टक.

कपाटाचं दार वाजलं असेल म्हटलं. तुझ्याकडून दुसरा टेक मागवला, मग आणखी एक. शब्द नीट फेकले नाहीस असलं काहीतरी खोटंच कारण दिलं आणि तू माझ्यावर उखडलीस. प्रत्येक टेकमध्ये त्याच ओळीआधी टक टक. गाण्यात काही नाही, फक्त काढून टाकलेल्यात. आई तुझ्या त्या घरात कधी आलीच नव्हती. ती गेल्यावर तुम्ही ते घेतलंत. शेवटी एका दुपारी मी हेडफोन काढून ते स्पीकरवर लावलं. वहिनी दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्याजवळ मी चकार शब्द काढला नव्हता. तिचे हात थांबले आणि तिने विचारलं, की आई हिला का थांबवतायत. मग आपण काय बोलून गेलो ते कळून ती पांढरीफटक पडली. तेव्हापासून ती या खोलीत एकटी येत नाही. मी येतो. आईला कसलं घाबरायचं, असं मोठ्याने म्हणतो आणि दार मात्र उघडं ठेवतो.

तुझा सूर चुकतोय का, हे आधी पाहिलं. नाही, सूर लख्ख लागलाय. ताल ठीक, शब्द ठीक. पण आईची टकटक उगाच नसते, हे आपण दोघंही नाक घासून शिकलोय. म्हणून केलेली सगळी सफाई उलटवली, तुझा कच्चा ट्रॅक लावला आणि त्या जागेवर कान देऊन बसलो. तिथे तू वरच्या ओळीसाठी श्वास घेतेस. त्या श्वासाच्या शेवटाला बारीक शीळ आहे. जुनी शांतता मी कधीच बाजूला काढली होती, टिटवे. ही शीळ तुझी आहे. मग आपल्या सगळ्या जुन्या शांतता ओळीने ऐकल्या. पहिल्या गाण्याआधी आईची शीळ असून नसल्यासारखी. पुढच्याला जराशी वाढलेली. शेवटच्या गाण्याआधी पंख्यापेक्षा मोठी. धूळ आहे, दुसरं काही नाही, असं ती म्हणत राहिली आणि आपण मान डोलावत राहिलो. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं, तेव्हा आपण एकमेकांकडे बघितलं, की आपल्याला कळणार तरी कसं होतं. तिचं दुखणं पहिल्यापासून आपल्याकडे रेकॉर्ड होत होतं, आणि मी ते दर वेळी खरखर समजून पुसत होतो.

जावईबापू मागे थट्टेने म्हणाले, की टिटवी हल्ली जिन्यात मध्येच थांबून भिंतींचं कौतुक करते. तूही हसलीस आणि नव्या रंगाच्या वासाने होतं म्हणालीस. आईची धूळ, तुझा रंग. भुताखेतांवर विश्वास ठेवू नकोस, मीही कुठे ठेवतो. पण तुझ्या श्वासावर ठेव. आजच जाऊन डॉक्टरांना छाती दाखव. मी आलो असतो तर तू मला हसून गुंडाळून परत पाठवलं असतंस. वहिनीपुढे तुझं काही चालत नाही, म्हणून तिला पाठवलंय. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर जन्मभर मला वेड्यात काढ, मी आनंदाने ऐकून घेईन. आईच्या घरातली आता तू आणि मी दोघंच उरलोय, आणि तुझी शीळ मी पुसणार नाही. सकाळी हे पत्र खोलीत माइक चालू ठेवून मोठ्याने वाचलं आणि मग ते बटण दाबलं. एके ठिकाणी टक टक ऐकू आली. वर 'आजच' लिहिलंय ना, तिथे आधी 'सवडीने' लिहिलं होतं; खोडलेलं दिसेल तुला. तो शब्द बदलून पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा बटण दाबलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. या वेळी आई गप्प बसली.

तुझाच,
दादा